‘मुलाहिजा’ आता फक्त ‘न ठेवता’पुरताच उरलाय का?

खानापूर :
परवा लग्नाच्या पंगतीत एका पोरानं वडीलधाऱ्या माणसाला ‘ए, सरक की’ म्हटलं. शेजारच्या अक्का म्हणाल्या, ‘मुलाहिजा म्हणून नाही!’ पोराला शब्दच कळला नाही. मूळ अरबी, अर्थ ‘पाहणे, लक्ष देणे’. समोर कोण आहे ते पाहून वागायचं, तो मुलाहिजा. पण हल्ली तो ‘कोणाचाही मुलाहिजा न ठेवता’ एवढ्यातच भेटतो. भीडभाडही ‘न ठेवता’च. मुर्वत (म्हणजे भीडच) तर ‘बेमुर्वत’मध्येच उरली. गंमत म्हणजे कन्नड पेपरातही ‘मुलाजिल्लदे’ म्हणजे मुलाहिजा न ठेवता कारवाई! दोन्हीकडं शब्द नकारातच जगतोय. माणसंच तशी झाली म्हणायची का?

निपाणी :
एवढी घाई नको. पाचपोच, म्हणजे वागण्याची समज, हा शब्दही बहुतेक ‘नाही’बरोबरच येतो, म्हणून कधीकाळी सगळ्यांना पाचपोच होता असं थोडंच आहे? उणीव दिसली की माणूस बोलतो, असलेल्या गोष्टीबद्दल कोण बोलतंय! आणि भिडेचं फार कौतुक नको. ‘भीड भिकेची बहीण’ हे जुन्यांनीच सांगून ठेवलंय. भीड घालून जामीनकीवर सह्या घेतलेल्या कितीतरी. खालच्यानं वरच्यापुढं तोंड उघडू नये, यालाही भीडच म्हणायचे. ‘निर्भीड’ हे कौतुक झालं ते बरंच झालं. कन्नडातही ‘निर्भिडे’ चांगल्याच अर्थानं चालतं.

बेळगाव :
निपाणीकरांचं पटलं, पण अर्धंच. वरच्याची भीड गेली तर जाऊ दे, अनोळखी माणसाची का गेली? गणपत गल्लीत दुकानातला पोरगा कन्नड गिऱ्हाइकाला ‘बर्री, हेळ्री’ (या, सांगा) म्हणतो. तोच मराठीत म्हाताऱ्याला ‘काय पायजे तुला?’ कन्नडात मानाचा ‘री’ क्रियापदाला चिकटून येतो, अन् तो तोंडात बसलेला. आपल्याकडंही ‘या, सांगा’ आहे, पण ते आठवून म्हणावं लागतं. (सीमाप्रश्नावर फोनवरून एकमेकांची आईबहीण काढणारे मात्र दोन्ही भाषांत सारखेच पटाईत. तिथं ‘री’ही कामाला येत नाही.)

चिकोडी :
होकारी वापर हवा असेल तर आमच्याकडं अजून आहे. आमंत्रण टाळता आलं नाही की म्हणतात, ‘तुमच्या भिडेखातर आलो बघा.’ आणि जेवून जातात.