मदत हवी आहे: गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन आहे, आईचं दुखणं सिस्टरांपर्यंत कसं पोचवू?

नमस्कार मंडळी. मी खानापूरची. आईचं वय ६८. भाताच्या चिखलात वाकून वाकून तिचे दोन्ही गुडघे गेले. गेल्या माघात बेळगावच्या एका मोठ्या दवाखान्यात उजव्या गुडघ्याची वाटी बदलली. ऑपरेशन चांगलं झालं, त्या पायाची काही तक्रार नाही. आता सुगी आटपली की डाव्याची पाळी, आणि आई नको म्हणतेय. ऑपरेशनला ती भीत नाही. "त्या पहिल्या रात्रीसारखी रात्र परत नको," एवढंच म्हणते. त्या रात्रीबद्दलच विचारायचं आहे.

कमरेतून दिलेली भूल संध्याकाळी उतरली. सिस्टर अधूनमधून यायच्या आणि दारातूनच विचारायच्या, "आज्जी, नोवु ऐतेन री?" आई म्हणायची, "इल्ल, इल्ल." तिला कन्नड येतं ते बाजारापुरतं, भाव करण्यापुरतं. नोवु म्हणजे दुखणं हे तिला ठाऊक आहे. पण होय म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार आणि त्याचं उत्तर आपल्याला देता येणार नाही, म्हणून ती "इल्ल" म्हणून मोकळी व्हायची. हे तिनं मला नंतर घरी आल्यावर सांगितलं. एकदा कुणीतरी मराठीतही विचारलं, "शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?" त्यावर ती माझ्याकडे बघायला लागली. मी शेजारीच होते आणि मलाही "बरं हाय" असंच सांगत होती. मध्यरात्री बघते तर चादरीचा काठ दातात धरून पडलेली. मला अजून ते आठवलं की स्वतःचा राग येतो.

मग रात्रपाळीच्या दुसऱ्या सिस्टर आल्या. केरळच्या होत्या, मराठी जेमतेम, कन्नडही मोडकंच. त्या दारात थांबल्या नाहीत. स्टूल ओढून आईच्या उशाशी बसल्या, हात हातात घेतला, आणि दुखतंय का हे विचारलंच नाही. "झोप आली?" एवढं विचारलं. मग म्हणाल्या, "पाय थोडा हलवा." आईनं प्रयत्न केला आणि तिचा चेहरा बघून सिस्टर उठल्या. डॉक्टरांना फोन केला, सलाइनमधून औषध दिलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट करून सांगितलं, "काटा तिथं गेला की कमी. मी परत येते." आणि खरंच आल्या. काटा तिथं पोचायच्या कितीतरी आधी आईच्या हाताची मूठ सुटली होती.

माझे प्रश्न असे. औषध लागू व्हायच्या आधीच तिला आराम कसा वाटला? नीट बोलण्यानं दुखणं खरंच कमी होतं, की ती नुसती मनाची समजूत? आणि या खेपेला आईला घरूनच काय शिकवून नेऊ? सिस्टरांवर वॉर्डभर माणसांचा भार असतो, तक्रार केल्यासारखं न वाटता त्यांना हे कसं सांगायचं?

एक विनंती, हा धागा भाषेच्या वादाकडे नेऊ नका. आईला सगळ्यात जास्त आराम ज्यांनी दिला, त्यांनाच तिची भाषा सगळ्यात कमी येत होती.

प्रतिसाद (निवृत्त स्टाफ नर्स, निपाणी)

ताई, तुमच्या आईसारख्या बायका मी नोकरीभर बघितल्या. शून्य ते दहा हे त्यांच्या बोलण्यातलं मापच नाही. मी आण्यांत विचारायची. १९५७ साली नवे पैसे आले आणि आणे मागे पडले तरी "चार आणे फरक पडला" असं आपण अजून म्हणतो की. "रुपयात किती आणे दुखतंय, आज्जी?" म्हटलं की लगेच उत्तर यायचं. बारा आणे म्हणाली तर मी कागदावर सात-आठ लिहायची. ही पद्धत आईला आजपासून लावा आणि भरती होतानाच सिस्टरांना सांगून ठेवा. कन्नड सिस्टरांनाही आणे चांगले कळतात.

दुसरं, नुसतं "दुखतंय" म्हणू देऊ नका. ठणकतंय, आग होतेय, ओढ लागलीय, टोचतंय, मुंग्या येताहेत, या प्रत्येकाचा आमच्या लेखी वेगळा अर्थ असतो. कन्नडमध्ये आग म्हणजे उरी, ओढ म्हणजे सेळेत, मुंग्या म्हणजे जोमु, फार दुखणं म्हणजे भाळ नोवु. एका पुठ्ठ्यावर ठळक लिहून उशाशी ठेवा. आईनं बोट ठेवलं तरी पुरे.

आणि पडून असताना दुखणं वेगळं, हलताना वेगळं. पडल्या पडल्या चार आणे सांगणारी बाई पाय वाकवताना चौदा आण्यांवर जाते. दोन्ही सांगायला हवेत. व्यायामाला माणूस येण्याआधी "औषधाची वेळ झाली का?" एवढं तुम्ही विचारलंत तर कुणी वाईट मानणार नाही. दुखणं अंगभर चढल्यावर ते उतरवायला जास्त औषध लागतं, म्हणून कळ सोसत वेळ काढायची नाही. सोसलं तर लवकर बरं होतं ही समजूत आईच्या डोक्यातून काढा. उलट पाय हलवायला भ्यायली तर गुडघा आखडतो.

मार्गो मॅकॅफरी या अमेरिकन परिचारिकेनं १९६८ मध्ये मांडलं की रुग्ण जे आणि जेव्हा दुखतं म्हणतो तेच दुखणं. आम्ही तेच शिकलो. पण रुग्ण काही म्हणालाच नाही तर विचारण्याची पद्धत बदलणं हे आमचं काम. दारातून विचारलं की दारातल्यासारखंच उत्तर मिळतं.

प्रतिसाद (भूलशास्त्राचा विद्यार्थी, बेळगाव)

तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर: नुसती समजूत नाही. बोस्टनच्या एगबर्ट या भूलतज्ज्ञानं १९६४ मध्ये पोटाच्या ऑपरेशनच्या ९७ रुग्णांवरचा अभ्यास छापला. काही जणांना आदल्या दिवशी भेटून सांगितलं की कुठं दुखेल, किती दुखेल, आणि तेव्हा अंग सैल कसं सोडायचं. त्यांना नंतर अफूवर्गीय वेदनाशामक जवळजवळ निम्मंच लागलं. इटलीत तुरिनच्या बेनेदेत्ती यांनी दाखवलं की तेच औषध रुग्णाला सांगून दिलं तर जास्त गुण येतो, न कळत यंत्रातून सोडलं तर कमी. भीती ओसरली आणि आराम पडणार हे पटलं की मेंदू स्वतःची वेदनाशामक द्रव्यं सोडतो. घड्याळाकडे बोट दाखवणाऱ्या त्या सिस्टरांनी नेमकं हेच केलं.

पण बोलणं औषधाच्या जागी नाही, औषधाबरोबर. आणि पोटरी सुजून दुखायला लागली, धाप लागली, पाऊल बधिर किंवा गार पडलं, पट्टीखाली अचानक कळ वाढत गेली, तर आणे मोजत बसू नका, तेव्हाच्या तेव्हा सिस्टरांना बोलवा. भूलतज्ज्ञ तपासायला येतील तेव्हा "मागच्या खेपेला भूल उतरल्यावर फार त्रास झाला" हे आवर्जून सांगा. मांडीच्या बाजूनं नस बधिर करण्यासारखे उपाय असतात, त्याचा विचार करता येईल.

मूळ धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आज रात्री जेवताना आईला विचारलं, डावा गुडघा किती आणे? "आत्ता सहा. जिना चढताना दहा." एका दमात सांगितलं तिनं. मग भीत भीत विचारलं, आणि त्या रात्री?

"अठरा," म्हणाली.

पुठ्ठा उद्या करते. निपाणीच्या ताई, एकच सांगा: भरती व्हायच्या दिवशी वॉर्डच्या मुख्य सिस्टरांना भेटायचं तर कुठली वेळ धरू, म्हणजे त्यांची पाळी बदलायची गडबड नसेल?