मीटरगेजवर विजेची गाडी चालते का? (मामांशी कुंद्याची पैज लागलीय)

नंदगडची_भाची

नमस्कार. प्रश्न रेल्वेचा आहे, पण भांडण घरचं आहे.

माझे मामा लोंढ्याला रेल्वेच्या गँगमध्ये (रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीत) होते. मीटरगेज असताना लागले, ब्रॉडगेज झाल्यावर रिटायर झाले. कॅसलरॉक-कुळे घाटात पावसाळ्यात कंदील घेऊन रूळ बघत फिरलेला माणूस, त्यामुळे घरात रेल्वेचा विषय निघाला की शेवटचा शब्द त्यांचाच. गेल्या आठवड्यात मावसभावानं स्वित्झर्लंडहून फोटो पाठवला. लाल गाडी, वर तार, मागे बर्फ. बाजूला लिहिलंय ‘एबीई ८/१२’. भाऊ म्हणतो की हा रूळ मीटरगेजचा आहे, दोन रुळांतलं अंतर बरोबर १००० मिलिमीटर.

मामांनी चष्मा लावून फोटो बघितला आणि म्हणाले, "काय बोलूलालीस गं? मीटरगेजवर वाफ चालली, डिझेल चाललं. वीज ब्रॉडगेजलाच. मी इतकी वर्षं रुळात काय गवत कापूलालो होतो?" वर आणि म्हणे फोटोतलं इंजिन कुणीतरी कापलंय, कारण गाडीला इंजिनच दिसत नाही!

अर्धा किलो कुंद्याची, म्हणजे आमच्या बेळगावच्या मिठाईची, पैज लागलीय. कुणाचं खरं? ते ८/१२ म्हणजे काय? इंजिन कुठं गेलं? आणि मला स्वतःला पडलेला प्रश्न असा की आपल्या घाटात अशी गाडी तेव्हा का नाही आली?

सांब्रा_रिटर्न

कुंदा मामांकडून वसूल करा. त्यासाठी स्वित्झर्लंडपर्यंत जायची गरजच नाही.

वडील एअर फोर्समध्ये. बेळगावजवळच्या सांब्र्याला बदली व्हायच्या आधी आम्ही मद्रासजवळच्या तांबरमला होतो. तिथून मद्रास बीचपर्यंत जी लोकल चालायची ती मीटरगेजची आणि विजेवरची. १९३१ ला सुरू झालेली, तेव्हा १५०० व्होल्ट डीसी. साठच्या दशकात २५ हजार व्होल्ट एसी केली. ब्रॉडगेजच्या कामात ती २००४ ला बंद पडली. आईबरोबर मी त्यातून माम्बलमला कितीदा बाजाराला गेलोय. मुंबईच्या लोकलसारखीच, फक्त डबा अंगानं बारीक. इंजिन तिलाही नव्हतं.

बेळगावला आल्यावर पहिल्यांदा स्टेशनवर गेलो तर त्याच रुंदीच्या रुळावर काळा धूर! मला वाटलं आपण मागं आलो.

मोटरभरणारा

उद्यमबागेत माझं मोटर भरायचं (वायंडिंगचं) दुकान आहे. बोअरची, गिरणीची, फौंड्रीतली, जी येईल ती. रेल्वेची मोटर दुकानात कधी आली नाही, पण वाचायचा नाद आहे आणि मोटर शेवटी मोटरच. म्हणून लिहितो, लांब होईल.

आधी अक्षरं. स्विस लोक गाडीच्या नावातच तिची कुंडली लिहितात. ए म्हणजे पहिला वर्ग, बी दुसरा, ई म्हणजे वीज. मध्ये डी आला तर सामानाची जागा, एच आला तर दात्याच्या रुळावर (मधल्या दातेरी पट्टीला धरून) चढणारी. आणि ८/१२ म्हणजे एकूण १२ एक्सल (चाकांच्या जोड्यांचे दांडे), त्यातल्या ८ ना मोटर. तीन डब्यांची गाडी, प्रत्येकाला चार एक्सल. दोन टोकांच्या डब्यांचे सगळे एक्सल ओढतात, मधला डबा नुसता मागून येतो. तर मामांना सांगा, इंजिन कापलेलं नाही. ते लोकांच्या पायाखाली वाटून टाकलंय. या गाडीचं नाव ‘अलेग्रा’, तिकडच्या रोमान्श बोलीतला रामराम.

आता ही भानगड कशासाठी? चढासाठी. फोटो बर्निना लाईनचा असावा, सेंट मॉरिट्झहून इटलीतल्या तिरानोला उतरणारी. ती २२५३ मीटर उंचीवर जाते आणि चढ आहे हजाराला ७०, म्हणजे १ ला १४. आपला ब्रागांझा घाट, तोच कॅसलरॉक-कुळेचा, १ ला ३७. आपल्या घाटात गाडीला मागून बँकर (ढकलणारं जादा इंजिन) लावतात, आणि ते लोक त्याच्या अडीच पट चढ दात्याच्या रुळाशिवाय चढतात. १९१० पासून.

हिशोब सोपा आहे. १०० टनांची गाडी धरा. त्या चढावर ती ७ टनांनी मागं खेचते. आता चार डब्यांपैकी एकालाच मोटर असेल, तर रुळावर पकड धरणारं वजन फक्त २५ टन. पंचवीसातून सात काढायचे म्हणजे २८ टक्के. कोरड्या रुळावर कसंबसं निघेल, पहिल्या सरीला चाक जागेवर गरगरत बसेल. तेच १२ पैकी ८ एक्सल ओढत असतील तर ६७ टनांतून सात, जेमतेम साडेदहा टक्के. मागं एखाददुसरा डबा जोडला तरी निभतं. शिवाय प्रवासी बसतात ते मोटरीच्या चाकांवरच, म्हणजे गर्दी वाढली की पकडही वाढते. इंजिनाच्या गाडीत गर्दी म्हणजे नुसतं ओझं.

गंमत म्हणजे त्या एका मोटरीच्या डब्याची गाडी आपल्याकडे रोज धावते. मेमू, ती जवळच्या पल्ल्याची विजेची गाडी! एक मोटर डबा, तीन साधे. स्विस भाषेत ४/१६. अलेग्रा चालवणाऱ्या कंपनीकडेच ‘काप्रिकॉर्न’ नावाच्या ४/१६ गाड्याही आहेत, पण त्या ७० च्या चढावर नसतात. विजेचंही कारण आहे: बर्निनाच्या तारेत १००० व्होल्ट डीसी, बाकी जाळ्यात ११ हजार व्होल्ट एसी. अलेग्रा दोन्हींवर चालते, काप्रिकॉर्न फक्त एसीवर. दोन्हींवर चालणारी एक मोटर व्यवस्था बनवणं म्हणजे काय असतं ते आमच्या धंद्यातल्याला विचारा. सिंगल फेजची मोटर थ्री फेजला जोडून आणणारे गिऱ्हाईक बघून माझे केस गेलेत.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. गेजचा दोष नव्हता असं माझं मत. अशी गाडी लोकांसाठी असते, छोटी आणि वारंवार सुटणारी. आपल्या घाटात पोट भरायचं ते मालगाडीचं. होस्पेटकडचं खनिज मुरगावला उतरायचं, त्याला भारी इंजिनंच लागतात. माणसांच्या गाड्या दिवसाला मोजक्या. एवढ्यासाठी तार कोण ओढणार? मद्रासला ओढली कारण तिथं सकाळी लोक लोंबकळत होते.

ऊसवाला_रायबाग

माहिती छान. आमच्या गावात गाडी थांबेल एवढं बघा, मग ती कशावरही चालूदे.

मिरजकर

वरच्या हिशोबाला माझ्याकडून एक चहा.

नावाचा एक घोळ सोडवतो. युरोपात १४३५ मिलिमीटर म्हणजे स्टँडर्ड, त्याहून अरुंद ते सगळं नॅरोगेज. आपण मीटरगेजला वेगळं मानतो आणि ७६२ च्या रुळाला नॅरो म्हणतो. त्यामुळे ‘नॅरोगेजवर विजेच्या गाड्या’ वाचलं की आपल्या डोळ्यांसमोर बार्शी लाईट, ती जुनी छोटी रेल्वे, येते. मिरजेत आम्ही तिन्ही बघितले: पुण्याचा ब्रॉड, बेळगावचा मीटर आणि पंढरपूरकडचा तो ७६२ चा खेळणा. बेळगावहून पुण्याला जायचं तर इथं ट्रंका घेऊन गाडी बदलायची. हमालाचे दर आमच्या आजीला तोंडपाठ होते.

आता ऐका. बार्शी लाईटच्याच रुंदीवर, ७६२ वर, जपानात योक्काइचीला आजही विजेच्या छोट्या गाड्या चालतात. ७५० व्होल्ट डीसी. आणि तिकडचीच हाकोने डोंगरातली लाईन स्टँडर्डगेजची असून चढ हजाराला ८०, मध्ये गाडी पुढंमागं करत झिगझॅग चढते. म्हणजे रूळ अरुंद म्हणून गरीब आणि रुंद म्हणून सपाट, असं काही नाही.

सगळ्यात मला आवडली ती स्वित्झर्लंडमधली वाल्डेनबुर्गची लाईन. १३ किलोमीटरची, ७५० मिलिमीटर गेजची. २०२१ ला बंद करून रूळ रुंद केला आणि २०२२ च्या डिसेंबरात परत सुरू केली. किती रुंद? १००० मिलिमीटर! आपण १९९२ पासून मीटरगेज उखडत सुटलोय आणि त्यांनी परवा नवंकोरं घातलं.

त्याच महिन्यात मोंत्रो ते इंटरलाकेन गाडी सुरू झाली. झ्वायझिमेन नावाच्या स्टेशनात डब्याची चाकंच मीटरवरून स्टँडर्डच्या रुंदीला सरकतात, प्रवासी जागचा उठत नाही. इंजिन तेवढं बदलतात. झ्वायझिमेन म्हणजे त्यांचं मिरज. हमाल नसलेलं.

नंदगडची_भाची

सगळ्यांचे आभार. काल रविवारी मामांकडे जाऊन एकेक वाचून दाखवलं.

मद्रासचं ऐकून थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ते साउथवाले. ते काय पण करतात." (आम्ही खानापूर तालुक्यात बसून!) ८/१२ चा हिशोब मात्र दोनदा वाचायला लावला. तिरानोचा व्हिडिओ दाखवला, तिथं गाडी बाजारातल्या रस्त्यावरून मोटारींच्या मधून जाते. तेव्हा गेटमन कुठं दिसेना म्हणून फार अस्वस्थ झाले. आमच्या टिळकवाडीच्या गेटला फाटक पडलेलं असताना खालून सायकल काढणारे लोक त्यांनी बघितलेत.

पैज हरल्याचं अजून मान्य केलेलं नाही. मोटर भरणाऱ्या काकांना एक विचारायला सांगितलंय: "पावसात, पाला पडलेल्या रुळावर, चढाला ती गाडी वाळू टाकते का?"

मोटरभरणारा

टाकते. चाकाच्या पुढं नळी असते, वर वाळूची पेटी. वाफेच्या इंजिनाला होती तीच युक्ती, फक्त चाक घसरायला लागलंय हे आता आधी यंत्राला कळतं.

मामांना नमस्कार सांगा. प्रश्न घाटातल्या माणसाचाच आहे.

नंदगडची_भाची

वाचून दाखवलं. "मग चढंल," म्हणाले, आणि कुंद्याला पैसे काढले. अर्धा नाही, पाव किलोचे.