मदत हवी आहे: टूथपेस्टमधला नेमका कोणता घटक प्लाक (दातांवर साचणारा चिकट थर) रोखतो?

सदाप्रश्न

दोन ट्यूबची लेबलं समोर ठेवून लिहितोय.

ट्यूब १: कॅल्शियम कार्बोनेट, सॉर्बिटॉल, पाणी, सोडियम लॉरिल सल्फेट, सिलिका, सोडियम मोनोफ्लुओरोफॉस्फेट (1000 पीपीएम, म्हणजे दशलक्षात 1000 भाग फ्लुओराइड), सेल्युलोज गम, स्वाद.

ट्यूब २: ग्लिसरिन, हायड्रेटेड सिलिका, सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट, स्टॅनस फ्लुओराइड 0.454 टक्के, झिंक लॅक्टेट, सोडियम लॉरिल सल्फेट, कॅराजीनन.

सध्या ट्यूब १ चालू आहे. ब्रश दिवसातून दोनदा, मऊ ब्रिसल्सचा, प्रत्येक वेळी साधारण दोन मिनिटं. ब्रश झाला की लगेच 0.2 टक्के क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाचा माउथवॉश. इतकं करूनही संध्याकाळपर्यंत हिरडीच्या कडेला नखाने खरवडता येईल असा पांढुरका थर येतो. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला पिवळट कठीण पट्टी आहे, ती ब्रशने हलत नाही. दाढांच्या फटींतून अधूनमधून रक्त येतं. शिवाय दातांवर तपकिरी छटा यायला लागली आहे.

प्रश्न तीन. प्लाकवर यातलं नक्की काय काम करतं आणि काय फक्त भरताड आहे? ट्यूब २ घेतली तर फरक पडेल का? कठीण पट्टीसाठी 'टार्टर कंट्रोल' पेस्ट चालेल का?

दंतकथा

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे: नाही. ती पट्टी म्हणजे कीटण. लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट साचून प्लाकचा दगड झालेला असतो. खालच्या पुढच्या दातांच्या मागे आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला ते जास्त होतं, कारण लाळग्रंथींच्या नळ्या तिथेच उघडतात. टार्टर कंट्रोलची पेस्ट नवीन कीटण बसण्याचा वेग कमी करते, आणि तेही हिरडीच्या वर. बसलेलं काढत नाही. त्यासाठी स्केलिंगच, म्हणजे डॉक्टरांकडून ते खरवडून काढून घेणं. घरी पिन किंवा टोकदार हत्यार लावू नका. हिरडी फाटते आणि कीटणाचा खालचा भाग तसाच राहतो. स्केलिंगनंतर दात काही दिवस ठणकतात, फटी मोकळ्या वाटतात. त्यावरून 'स्केलिंगने दात सैल झाले' असं लोक म्हणतात. प्रत्यक्षात फटीत अडकलेला दगड गेलेला असतो.

आता मूळ मुद्दा. प्लाक म्हणजे जिवाणूंनी स्वतःच विणलेला चिकट थर. दात घासल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा पातळ पापुद्रा इनॅमलवर (दाताच्या कठीण कवचावर) बसतो. त्यावर आधी स्ट्रेप्टोकोकस गटातले जिवाणू चिकटतात, मग बाकीचे त्यांच्यावर चढतात. साखर मिळाली की स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स तिच्यापासून ग्लुकान नावाचा डिंकासारखा पदार्थ तयार करतो. त्यामुळे हा थर चूळ भरून जात नाही आणि माउथवॉशसुद्धा जुन्या, जाड थरात नीट शिरत नाही. आधी घासून तो मोडावा लागतो, औषधी घटकांची पाळी त्यानंतर.

म्हणजे प्लाक काढतो तो ब्रश. पेस्टने घासलं काय आणि पेस्टशिवाय घासलं काय, तेवढ्या वेळात निघणाऱ्या प्लाकमध्ये फारसा फरक पडत नाही, असं अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसलं आहे. पेस्टचं खरं काम पुढचे काही तास चालतं: उरलेल्या जिवाणूंची वाढ मंदावणं आणि इनॅमलला फ्लुओराइड पुरवणं.

रक्ताबद्दल: 1965 साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लोए आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्या असलेल्या 12 जणांना दात घासणं बंद करायला लावलं होतं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. तुमचं रक्त दाढांच्या फटींतून येतंय, म्हणजे फटींत ब्रश पोहोचत नाही. कुठल्याही ट्यूबने ते थांबणार नाही.

रसायनी

लेबलाकडे वळू. यादीत सहसा जास्त प्रमाणाचा घटक आधी असतो, त्यामुळे पहिले चार-पाच घटक म्हणजे पेस्टचा सांगाडा.

कॅल्शियम कार्बोनेट (म्हणजे खडू) आणि हायड्रेटेड सिलिका हे घर्षक. डाग आणि पापुद्रा घासून काढायला यांची मदत होते. कण किती बारीक आणि कोणत्या आकाराचे यावर खरखर ठरते, ती आरडीए (दाताचा आतला थर, डेंटिन, किती झिजतो याचं माप) या आकड्यात मोजतात. आयएसओ 11609 या मानकात त्याची कमाल मर्यादा 250 आहे. हा आकडा बहुतेक ट्यूबवर छापलेला नसतो आणि घटकांच्या नावावरून तो ओळखता येत नाही. 'सिलिका मऊ आणि खडू खरखरीत' असलं सरसकट विधान कोणी केलं तर सोडून द्या.

सॉर्बिटॉल आणि ग्लिसरिन पेस्ट सुकू देत नाहीत. सेल्युलोज गम आणि कॅराजीनन पाणी आणि घन भाग वेगळे होऊ देत नाहीत. प्लाकशी यांचा संबंध नाही. तुमच्या भाषेत भरताड, पण ते नसतं तर ट्यूबमधून पाणी वेगळं आणि खडू वेगळा आला असता.

सोडियम लॉरिल सल्फेट म्हणजे फेस. सुटलेला प्लाक आणि कचरा तरंगत ठेवतो, जिवाणूंवर थोडाफार परिणामही करतो. ज्यांना तोंडात वारंवार छाले येतात किंवा गालाच्या आतली त्वचा सोलल्यासारखी होते, त्यांनी याच्याशिवाय पेस्ट वापरून पाहावी. फेस कमी येईल, सफाई कमी होणार नाही.

प्लाकवर खरं बोलणारे घटक ट्यूब २ मध्ये आहेत. स्टॅनस फ्लुओराइडमधला कथील जिवाणूंच्या पेशींत शिरून साखरेचं आम्ल करणारी विकरं (एन्झाइम) अडवतो आणि दात-हिरड्यांना चिकटून काही तास टिकतो. झिंकही तसंच वागतं, जोडीला दुर्गंधी देणारे गंधकाचे वायू बांधून ठेवतं आणि कीटणाचे स्फटिक वाढणं मंदावतं. हेक्झामेटाफॉस्फेट या स्फटिकांच्या वाढत्या टोकांवर बसून वाढ रोखतं. टार्टर कंट्रोल ट्यूबांमध्ये त्याच कामासाठी पायरोफॉस्फेट असतं. स्टॅनसचा एक तोटा, दातांवर डाग पडू शकतात. हेक्झामेटाफॉस्फेट ते डागही कमी करतं. पण ते पाण्यात हळूहळू तुटतं, म्हणून अशी पेस्ट कमी पाण्याची बनवतात आणि ती तोंडात थोडी रेताड लागते. बिघडलेली नाही, तशीच असते.

ट्यूब १ मध्ये मोनोफ्लुओरोफॉस्फेट का, सोडियम फ्लुओराइड का नाही? कारण खडूतलं कॅल्शियम मोकळं फ्लुओराइड पकडून अविद्राव्य कॅल्शियम फ्लुओराइड करतं. मोनोफ्लुओरोफॉस्फेटमध्ये फ्लुओराइड बांधलेलं असतं आणि तोंडातली विकरं ते सोडवतात. मात्र उष्णतेत खूप दिवस पडलेल्या खडूच्या पेस्टमध्ये ते ट्यूबमध्येच सुटू लागतं आणि वाया जातं. म्हणून अशा पेस्टची तारीख जरूर बघा.

पीपीएम छापलेले नसतील तर टक्क्यांवरून काढता येतात. सोडियम फ्लुओराइडचे टक्के गुणिले 4525, मोनोफ्लुओरोफॉस्फेटचे गुणिले 1320, स्टॅनस फ्लुओराइडचे गुणिले 2425. तुमचं 0.454 टक्के म्हणजे सुमारे 1100 पीपीएम.

आणि तपकिरी छटेचं कारण तुम्हीच लिहिलंय: क्लोरहेक्झिडिन. चहा-कॉफीतले रंगद्रव्य त्याच्याबरोबर दातावर बसतात. त्यातही लगेच ब्रशनंतर वापरल्याने अर्धं औषध फुकट जातंय. क्लोरहेक्झिडिन धनभारित, लॉरिल सल्फेट ऋणभारित. दोघं एकमेकांना बांधून निष्क्रिय होतात. मोनोफ्लुओरोफॉस्फेटशीही त्याचं जमत नाही. म्हणजे डाग पूर्ण, फायदा अर्धा.

चौकस

@दंतकथा, पेस्टशिवाय तेवढाच प्लाक निघत असेल तर नुसता ओला ब्रश का नको? आणि कोळशाच्या पेस्टने डाग जातात म्हणतात, मग सदाप्रश्न यांना तीच सुचवूया की.

दंतकथा

@चौकस, नुसत्या ब्रशने हिरड्या राहतील, दात किडतील. प्लाकमधलं आम्ल पीएच 5.5 च्या खाली नेतं तेव्हा इनॅमल विरघळायला लागतं. फ्लुओराइड असलेलं इनॅमल साधारण 4.5 पर्यंत तग धरतं, आणि आम्ल ओसरल्यावर खनिज परत बसायला फ्लुओराइडच मदत करतं. फटींतला सगळा प्लाक कुणालाच काढता येत नाही, त्यामुळे हा आधार सोडू नये.

कोळसा: घर्षणाने वरचे डाग जातात, त्यात जादू काही नाही. अशा कित्येक ट्यूबमध्ये फ्लुओराइडच नसतं, आणि असलं तरी प्लाक कमी होतो याचा भक्कम पुरावा नाही. हिरडी उतरून मूळ उघडं पडलं असेल तर तिथे इनॅमल नसतं. मऊ मुळावर खरखरीत पेस्ट आणि आडवा ब्रश एकत्र आले की खाच पडते. क्लोरहेक्झिडिनचे डाग स्केलिंगच्या वेळी पॉलिशने सहज निघतात.

बाकी कडुनिंब, लवंग, मीठ असलेल्या पेस्टबद्दल कोणी विचारण्याआधीच: चव आवडत असेल तर वापरा, पण फ्लुओराइड 1000 पीपीएमच्या खाली नको. एवढी एकच अट.

सदाप्रश्न

दोघांचेही आभार. म्हणजे ट्यूब २, माउथवॉश बंद, स्केलिंग करून घेणं. ट्रायक्लोसान असलेली एक जुनी ट्यूबही घरात आहे, ती चालेल का? आणि ब्रश करतोय दोन मिनिटं, तरी चुकतंय कुठे हे कसं कळणार?

रसायनी

ट्रायक्लोसान प्लाकवर परिणामकारक होतं हे खरं. 0.3 टक्के ट्रायक्लोसान आणि ते दातावर धरून ठेवणारा कोपॉलिमर अशी जोडी असे. पण 2016 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हात धुण्याच्या साबणांतून ते हटवलं. टूथपेस्टवर ती बंदी नव्हती, तरी पुढे कंपन्यांनीही त्याऐवजी स्टॅनस आणि झिंकची वाट धरली. जुनी ट्यूब मुदत संपलेलीच असेल, टाकून द्या.

दंतकथा

माउथवॉश कायमचा वाईट नाही. स्केलिंगनंतर डॉक्टरांनी सांगितला तर 0.2 टक्क्यांचा 10 मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा, साधारण दोन आठवडे. ब्रशनंतर पाण्याने चूळ भरून किमान 30 मिनिटं जाऊ द्या, शक्य असेल तर दोन तास. जास्त महिने चालवला तर डाग, चव बिघडणं आणि गंमत म्हणजे कीटणही वाढतं.

चुकतंय कुठे हे बघायला प्लाक दाखवणाऱ्या रंगाच्या गोळ्या मिळतात. नेहमीसारखा ब्रश करा, मग गोळी चावून 30 सेकंद जिभेने सगळीकडे फिरवा, एकदा चूळ भरा आणि आरशात बघा. दोन रंगांच्या गोळीत ताजा थर गुलाबी दिसतो आणि जुना निळसर-जांभळा. जिथे निळं, तिथे कित्येक दिवस ब्रश गेलेला नाही. उजव्या हाताने घासणाऱ्यांचा उजवा सुळा आणि खालच्या दाढांची जिभेकडची बाजू हमखास निळी निघते. तुमचा आरसा वेगळं सांगेल तर त्याचं ऐका.

ब्रशचं टोक हिरडीच्या रेषेवर 45 अंशात टेकवा, ब्रिसल्स हिरडीखाली किंचित सरकू द्या, एका वेळी दोन-तीन दात धरून जागच्या जागी बारीक थरथर करा, मग दाताच्या टोकाकडे ओढा. मुठीत न धरता पेनासारखा धरलात तर दाब आपोआप कमी होतो. पुढच्या दातांच्या आतून ब्रश उभा धरा. पेस्ट एक सेंटिमीटरभर पुरते. शेवटी थुंका, चूळ भरू नका (माउथवॉश चालू असेल ते दिवस सोडून), म्हणजे स्टॅनस आणि फ्लुओराइड जागेवर राहतात. हीच गोष्ट लोकांना सगळ्यात जड जाते.

दाढांच्या फटींसाठी इंटरडेंटल ब्रश, रोज एकदा, रात्रीच्या ब्रशच्या आधी. माप असं: तार दाताला न घासता आणि ब्रिसल्स थोडे दबून आत जायला हवेत. सैल गेला तर मोठा घ्या, अडला तर जोर लावू नका, तिथे फ्लॉस (फटीतून फिरवायचा दोरा). पहिले काही दिवस रक्त येईल. घाबरून थांबू नका, रोज करत राहिलात तर आठवड्या-दहा दिवसांत कमी होतं. दोन आठवड्यांनंतरही त्याच जागेतून येत असेल तर हिरडीखाली कीटण किंवा खिसा (हिरडी आणि दातामधली खोल पोकळी) आहे असं धरून डॉक्टरांना ती जागा बोटाने दाखवा.

चौकस

घरात चार वर्षांचं मूल असेल तर त्यालाही ट्यूब २ चालेल का?

रसायनी

मुलांसाठी 1000 पीपीएमच्या आसपासची साधी फ्लुओराइड पेस्ट बरी. स्टॅनसची चव तुरट-धातूसारखी असते, मुलं ती थुंकण्याऐवजी ब्रशच थुंकतात. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. आणि ट्यूब मोठ्यांच्या हातात.

सदाप्रश्न

गोळ्या मागवल्या. हा रंग ओठांवर आणि पुढच्या दाताच्या फिलिंगवर राहतो का? दुसऱ्या दिवशी मीटिंग आहे.

दंतकथा

ओठांवर आधी पेट्रोलियम जेली लावा, दाताच्या रंगाच्या फिलिंगवरही तिचा पातळ थर लावा. जिभेवरचा रंग काही तासांत जातो. गोळीत एरिथ्रोसीन असेल आणि त्या रंगाची अॅलर्जी असेल तर वापरू नका. बाकी, मीटिंगच्या आदल्या रात्रीच करा, सकाळी नको.