अनुभव धागा : एखादी गोष्ट तुम्हाला खरी कधी कळली?

नमस्कार. मी यंदा दहावीला आहे, राहते कोल्हापुरात, राजारामपुरीत. घरी, क्लासला, पाहुण्यांत सगळीकडे एकच ऐकते : तुमच्या पिढीला सगळं हातात मिळतंय, तरी डोक्यात काही राहत नाही. यावर माझा अनुभव सांगते. तुम्ही शाळेत असा, कामावर असा की रिटायर झालेले, पाठ न करता एखादी गोष्ट कळली असेल तर ती नक्की लिहा.

आम्ही चौथीत होतो तेव्हा मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. आमची पाचवी फोनवर झाली. समच्छेद, भिन्नच्छेद अपूर्णांक आम्ही स्क्रीनवर बघितले. बाई विचारायच्या, "समजलं का?" आणि सगळे अंगठा दाखवायचे. ती सवय शाळा सुरू झाल्यावरही गेली नाही. आता तर गणिताचा फोटो काढला की सगळ्या पायऱ्या समोर येतात. पायऱ्या बरोबरही असतात. वाचताना सगळं पटत जातं, आणि कोऱ्या कागदासमोर पहिली ओळ सुचत नाही.

भूमितीत पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता आहे. वर्गात बहुतेकांना ती तोंडपाठ आहे. चाचणीत त्रिकोणाला एबीसीऐवजी पीक्यूआर नाव दिलं आणि निम्मा वर्ग थांबला. मला ते लागलं. घरी पुठ्ठ्याचे दोन सारखे काटकोन त्रिकोण कापले. एक तसाच ठेवला. दुसऱ्यावर काटकोनाच्या टोकातून कर्णावर लंब काढला आणि त्या रेषेवर कापलं. दोन छोटे तुकडे पालथे करून मोठ्यावर ठेवले, तर कोन जुळले! तिन्ही समरूप, म्हणजे आकार तोच, फक्त माप लहान-मोठं. मग दिसलं की त्या तिघांचे कर्ण म्हणजे मूळ त्रिकोणाच्याच तीन बाजू आहेत. दोन तुकड्यांचं क्षेत्रफळ मिळून मोठ्याचं क्षेत्रफळ होणारच, आणि समरूप त्रिकोणांची क्षेत्रफळं बाजूंच्या वर्गांच्या प्रमाणात असतात हे पहिल्याच प्रकरणात आहे. म्हणजे दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज कर्णाच्या वर्गाएवढी! पुस्तकातली सिद्धता याच आकृतीवर आहे, पण ही वाट माझी मला दिसली. त्या रात्री झोप येईना. आईला उठवून दाखवलं.

त्याला अख्खी संध्याकाळ गेली, आणि एवढा वेळ आम्हाला कोण देतं? शाळा, क्लास, टेस्ट सिरीज. आमचं लक्ष लागत नाही असं म्हणतात. मला वाटतं आम्हाला अडून बसायला कुणी देत नाही. अडलं की लगेच कुणीतरी उत्तर हातात ठेवतं, फोन नाहीतर क्लासचे सर.

प्राथमिक शिक्षिका, राधानगरी तालुका

बाळ, तुझ्या वयाची मुलं तेव्हा माझ्या वर्गात होती. वाडीवर रेंज नाही, घरात एक फोन आणि तो वडिलांबरोबर कामावर. आम्ही घरोघरी जाऊन ओट्यावर चार-पाच मुलं बसवायचो. भाकरीचे तुकडे करून अर्धा आणि पाव शिकवलं. त्यातली मुलं आज भेटली की अपूर्णांकांत चाचपडत नाहीत. ज्यांच्यापर्यंत आम्ही पोचू शकलो नाही त्यांचं अजून मनाला लागतं. शाहू महाराजांनी 1917 मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. पोर शिकलं पाहिजे ही जबाबदारी राज्यानं आपल्या अंगावर घेतली होती. आमच्या वाडीवर त्या दोन वर्षांत ती जबाबदारी घरात फोन आहे की नाही यावर येऊन पडली. याला मुलांची पिढी कशी जबाबदार?

निवृत्त कारकून, शिवाजी पेठ

मी बोर्डिंगात राहून शिकलो. करवीर नगर वाचन मंदिरात तासन्‌तास बसायचो. ही संस्था 1850 पासूनची आहे. आजची पोरं वाचत नाहीत हे मात्र मी म्हणणार. अभ्यासिका भरलेल्या असतात, पण सगळ्यांपुढे स्पर्धा परीक्षेचीच पुस्तकं. तरी पुठ्ठा कापणारी मुलगी पाहून बरं वाटलं. शाबास पोरी.

इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, प्रयाग चिखली

काका, थोडं वेगळं सांगते. 2019 च्या पुरात आमचं गाव पाण्याखाली गेलं तेव्हा मी आठवीत होते. दप्तर, पुस्तकं सगळं गेलं. आम्हाला ज्या शाळेत ठेवलं होतं तिथं लहान पोरं रडायची, म्हणून मी त्यांना गोष्टींबरोबर विज्ञानही सांगायला लागले. एकानं विचारलं, पाऊस थांबलाय तरी पाणी का चढतंय? मला सांगता येईना. मग मोठ्या माणसांना विचारत सुटले : वर घाटाकडं अजून पडतोय, धरणातून पाणी सुटतंय, खाली नदीला फुगवटा आहे. भूगोलात नदीचं खोरं शिकले होते, पण ते कळलं तिथं, त्या पोराला सांगताना. मी सिव्हिल घेतलं ते यामुळेच.

पॅटर्नमेकर, उद्यमनगर

मी दहावीनंतर आयटीआय केलं. शेकडेवारी मला शाळेत कधी जमली नाही. इथं मिस्त्रींनी पहिल्या दिवशी हातात पट्टी दिली आणि म्हणाले, साधी पट्टी शेजारी ठेवून बघ. ती किंचित लांब होती! ओतलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, मीटरला दहा मिलिमीटर. म्हणून पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा घेतात तो नमुना, तेवढा मोठा करायचा, आणि त्यासाठी पट्टीच वाढीव मापाची. ॲल्युमिनियमची पट्टी निराळी, कारण ते जास्त आकसतं. एका टक्क्याचा हिशेब चुकला तर अख्खा जॉब, म्हणजे ओतून तयार झालेला भाग, भंगारात. टक्का म्हणजे काय हे मला तिथं समजलं. मिस्त्री कधीच उत्तर सांगायचे नाहीत. "माप परत," एवढंच म्हणायचे. तू म्हणतेस ते अडून बसणं आमच्याकडं रोजचं आहे, ताई.

धागा सुरू करणारी

दादा, अशी पट्टी असते हे मला माहीतच नव्हतं! म्हणजे पॅटर्न आणि तयार जॉब हे दोन्ही समरूपच झाले की. मग बाजू एक टक्क्यानं वाढल्या तर पृष्ठफळ दोन टक्क्यांच्या आसपास वाढणार, घनफळ तीन. वर्गातल्या काहीजणींना घेऊन ती पट्टी बघायला आलं तर चालेल का?

पॅटर्नमेकर, उद्यमनगर

घनफळाचं मी कधी मोजलं नव्हतं, आज मोजतो. सुट्टी सोडून कधीही या. ओतकामाच्या दिवशी आलात तर लांबून बघावं लागेल, आणि पायांत बूट हवेत.