फवारणीच्या आधी अंगाला तेल, नाकात तेल, कानात तेल... बाबांचं काय बरोबर काय चूक?

पऱ्हाटीवाला_आर्णी

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे पण वाचा. आर्णी तालुक्यातला आहे मी, निम्म्या वावरात पऱ्हाटी (कापूस), निम्म्यात सोयाबीन-तूर. बाबा ६१ वर्षांचे, फवारणीचा पंप अजून स्वतःच पाठीवर घेतात, कोणाला हात लावू देत नाहीत. दोन-तीन वर्षांपासून त्यांचं एकेक बिघडत चाललंय. वास येत नाही, परवा दूध करपलं, सगळं घर भरलं आणि हे शेजारी बसून पेपर वाचत होते. डाव्या कानात दिवसभर कुईं आवाज. रात्री बल्बाभोवती गोल कडं दिसतं म्हणतात. तिखट आधी हिरवी मिरची चावून खायचे, आता साधी भाजीही तोंडात झोंबते. हाताची कातडी तर पायताणासारखी झालीय.

आता मोबाईलवर कुठून तरी पंचेंद्रियांची निगा, आयुर्वेद वगैरे व्हिडिओ पाहिले आणि सकाळचा एक तास त्यातच जातो. नाकात तेल, जवसाच्या तेलात लसूण कडवून ते कानात, डोळ्यात मध, तोंडात तेल धरून गुळण्या. आणि सगळ्यात कडी म्हणजे फवारायला निघण्याआधी दोन्ही हातांना, मानेला तेल चोपडतात, म्हणे तेल असलं की औषध आत शिरत नाही. मी काही बोललो की "तुला काय कळते, हे पाच हजार वर्षांचं आहे". मला आयुर्वेदाला नावं ठेवायची नाहीत, आजीनं आमचं सगळ्यांचं त्याच्यावरच केलं. पण यातलं खरं काय ते कोणी नीट सांगा.

वऱ्हाडी_गडी

भाऊ बाकीचं मंग पाहू, आधी थे फवारनीच्या आधीचं तेल बंद करा, आजच. आमच्या काकाचंबी हेच होतं, तेल लावून पंप घेतला, संध्याकाळी वलटी, घाम, तोंडाले लाळ, डोये बारीक झाले. रातच्याले दवाखान्यात नेलं म्हनून वाचले. बरीच औषधं तेलातच विरघळतात राजेहो, तेलकट कातडीतून उलटं जास्त आत जातात. २०१७ ले आपल्या यवतमाळ जिल्ह्यात काय झालं थे विसरले काय सारे? वीसच्या वर मानसं गेले, शेकड्यानं भरती होते. मजाक नाही.

(आपन त्याले औषधच म्हनतो हाच मोठा घोळ हाय, जहर म्हनाव सरळ.)

बीएएमएस_वर्धेकडचा

वर्धा जिल्ह्यात खेड्यात प्रॅक्टिस करतो, सकाळच्या ओपीडीत असे बाबा रोजच भेटतात म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक सांगतो जे व्हिडिओवाले सांगत नाहीत. इंद्रियं बिघडतात कशानं, तर चरकात शब्द आहे असात्म्येंद्रियार्थसंयोग. नाव लांब, अर्थ सोपा, इंद्रियाला त्याचा विषय अति मिळाला, अगदीच कमी मिळाला किंवा चुकीचा मिळाला की ते आजारी पडतं. थ्रेशरजवळ दिवसभर उभं राहणं हा कानाचा अतियोग, फवारणीचा उग्र वास नाकात घेत राहणं हा नाकाचा मिथ्यायोग. म्हणजे शास्त्र पहिल्यांदा कारण सोडायला सांगतं (निदान परिवर्जन म्हणतात त्याला), तेल नंतर. आपल्याकडे उलटं चाललंय, दिवसभर जहर हुंगायचं आणि सकाळी दोन थेंब टाकून हिशेब फिटला समजायचं.

आता नाक. नस्य म्हणजे नाकात तेल सोडणं, रोजचं जे नस्य ते प्रतिमर्श, दोन-दोन बिंदू. बिंदू म्हणजे तर्जनीची दोन पेरं तेलात बुडवून वर काढल्यावर जो गळतो तो, चमचाभर नाही. साधं तिळाचं तेल किंवा अणुतैल चालतं. जोरात ओढायचं नाही, घशात आलेलं थुंकायचं. नवीन सर्दीत, जेवल्यावर लगेच, डोक्यावरून आंघोळ केल्यावर लगेच, यातल्या कशातच नाही. यानं नाक कोरडं पडत नाही, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तर बरंच वाटतं, पण दोन वर्षांपासून गेलेला वास परत आणायचं काम त्याचं नाही. तिथं नाकात मास वाढलंय का, जुनं सायनस आहे का, हे दुर्बिणीनं बघावं लागतं.

कान. जवसाचं तेल आपल्या भागात जेवणात चांगलं, ठेच्यावर तर विचारूच नका, पण वाग्भटानं जवस आणि करडीचं तेल उष्ण, त्वचेला दोष करणारं म्हटलंय. कर्णपूरणाला, म्हणजे कानात तेल भरायला, तिळाचं, तेही कोमट. नुसतं निगा म्हणून असेल तर शंभर मात्रा, म्हणजे शंभर वेळा पापणी लवेपर्यंत धरायचं, कानामागं चोळत राहायचं आणि मग काढून टाकायचं. बोळा घालून रात्रभर ठेवणं ही आपली शोधाशोध. पडदा फाटका असेल किंवा कान वाहत असेल तर थेंबसुद्धा नको, आणि पडदा फाटका आहे की नाही हे घरात कोणालाच दिसत नाही, म्हणून आधी तपासणी.

अभ्यंगाला माझा पूर्ण पाठिंबा. डोकं, कान, तळपाय या तीन जागी विशेष करा असं ग्रंथातच आहे. बाबांच्या हातांना तेल लावाच, फक्त फवारणीहून येऊन साबणानं आंघोळ करून, कपडे वेगळे धुऊन, त्यानंतर रात्री.

सिस्टर_ताई

ग्रामीण रुग्णालयात २० वर्षं झाली मला, वैद्य दादांनी लिहिलं त्यात भर घालते.

डोळ्यात मध अजिबात नको. आमच्याकडे मध, कांद्याचा रस, अगदी आईचं दूधसुद्धा घालून आलेले पेशंट बघितलेत, एकीच्या बुबुळावर फूल पडलं ते पडलंच. घरी उकळलेल्या त्रिफळ्याच्या काढ्यानं डोळे धुतात तेही मला पटत नाही, फडक्यानं गाळलेलं पाणी म्हणजे निर्जंतुक नव्हे. आणि बल्बाभोवती कडं दिसणं हलक्यात घेऊ नका दादा, मोतीबिंदूत दिसतं तसं काचबिंदूतही दिसतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात फुकट होतं, थोडं थांबलं तरी चालतं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. डोळ्याचं प्रेशर तपासा, सेवाग्रामला जा, सावंगीला जा, यवतमाळला जा, कुठंही जा पण जा.

दुसरं, तुम्ही लिहिलं साधी भाजी झोंबते. बाबा खर्रा (सुपारी-तंबाखू-चुन्याचा) खातात का? तुम्ही लिहिलं नाही पण मला वाटतंय खातात.

काशाची_वाटी

आमच्या घरी रात्री सासूबाईंच्या तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीनं घासते, तूप काळं पडतं. विष निघतं म्हणतात ते खरं का? झोप मात्र मस्त लागते त्यांना. आणि लेकराच्या डोळ्यात काजळ घालू की नको? नणंदेनं बाजारातून सुरमा आणलाय.

बीएएमएस_वर्धेकडचा

ताई काळं पडतं ते काशातल्या तांब्याचं आणि घासण्याचं, विष नाही. कोणत्याही तुपानं कोणत्याही पायावर पडेल. झोप लागते ना, मग करत राहा. सुरमा नको, त्यात शिसं निघतं, लेकरांना वाईट. ग्रंथात अंजन सांगितलंय हे खरं, पण ते द्रव्य शोधन केलेलं, म्हणजे शुद्ध केलेलं, आणि मोठ्यांसाठी, बाजारातली डबी म्हणजे ते नव्हे.

पऱ्हाटीवाला_आर्णी

सिस्टर ताई बरोबर ओळखलं. खातात. दिवसाला तीन-चार पुड्या, पानठेल्यावर पन्नीत घासून देतो तो. मी मुद्दाम लिहिलं नव्हतं.

सिस्टर_ताई

मग तेलाच्या गुळण्या राहू द्या बाजूला. आरशासमोर तोंड उघडायला लावा आणि बघा त्यांची स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का. जात नसतील, गाल आतून पांढुरके, दोरीसारखे कडक लागत असतील तर ते सुपारीनं झालेलं आहे, त्यातून पुढं कॅन्सर होऊ शकतो. दंतविभागात दाखवा. तेलानं तोंड मऊ वाटतं म्हणून लोक सहा-सहा महिने काढतात घरी.

वऱ्हाडी_गडी

अन् पंप दुसऱ्याले द्या म्हना. दुसऱ्यालेबी द्याल तर चष्मा, मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्याचा शर्ट देऊनच द्या, नाकाले दुपट्टा बांधून काही होत नाई, ओला झाला का थोच जहराचा बोळा नाकावर. वाऱ्याच्या उलट्या बाजूनं फवारू नोका, दुपारच्या तपनात तर नोकाच.

पऱ्हाटीवाला_आर्णी

काल संध्याकाळी सगळं वाचून दाखवलं. नस्याचं आणि रात्रीच्या तेलाचं ऐकून खूश झाले, "पाय, मी म्हनत होतो ना". फवारणीच्या तेलावर काही बोलले नाहीत, पण आईनं ओसरीवरची वाटी उचलून आत ठेवली. मग आरसा दिला. दोन बोटं गेली, तिसरं गेलं नाही. त्यांनी आरसा उलटा ठेवला आणि वावरात मोटार बंद करायची राहिली म्हणून निघून गेले, मोटार मी दुपारीच बंद केली होती.

सोमवारी सकाळच्या एसटीनं नेतो. डोळे आणि तोंड दोन्ही एकाच दिवशी होईल का, की आधी नंबर लावावा लागतो, कोणाला माहीत असेल तर सांगा.