प्रतिसाद: तोंडी तक्रार नको, पोच घ्या

वर कोणीतरी लिहिलंय की पुरावा नसेल तर रॅगिंगची तक्रार करून काही होत नाही, उलट मुलाचं नाव मात्र उघड होतं. नावाची भीती खरी आहे, पण पुराव्याबद्दल मी सहमत नाही. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंध कायद्यानुसार लेखी तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत चौकशी करणं हे प्राचार्यांचं काम आहे. प्रथमदर्शनी तथ्य आढळलं तर आरोप असलेल्या विद्यार्थ्याचं निलंबन करून तक्रार पोलिसांकडे पाठवावी लागते. टाळाटाळ केली तर प्राचार्यांवरच रॅगिंगला चिथावणी दिल्याचा ठपका येतो. तक्रार पालक किंवा शिक्षकही करू शकतात, त्यामुळे घाबरलेल्या मुलालाच पुढे करायची गरज नाही.

बहुतेक प्रकरणं फसतात ती तोंडी सांगितल्यामुळे. वसतिगृहाचे रेक्टर त्रास देणारा आणि सोसणारा अशा दोघांना समोरासमोर बसवून 'मिटवतात' (हे फार घातक, त्याच रात्री त्याच मजल्यावर झोपायचं असतं) आणि कागदावर काहीच उरत नाही. म्हणून लेखी तक्रारीच्या दोन प्रती काढा, एकीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. त्रास व्हॉट्सअॅप ग्रुपवर होत असेल तर त्यातून बाहेर पडण्याआधी नंबर आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढून घरच्यांना पाठवा. नाव द्यायचंच नसेल तर यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते.