डेबियन १२ चढलं, पण ब्रॉडकॉमचं वायफाय दिसत नाही

रामबागवाला (इंदूर):
जुन्या लॅपटॉपवर लाइव्ह पेनड्राइव्हने डेबियन १२ (लिनक्स) टाकलंय, विंडोज पूर्ण काढलं. आवाज, टचपॅड ठीक. वायफायच्या यादीत मात्र काहीच येत नाही. टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय -एनएन' (आतल्या हार्डवेअरची यादी) दिल्यावर ब्रॉडकॉम बीसीएम४३१४२, १४ई४:४३६५ दिसतं. बी४३ या ड्रायव्हरचं फर्मवेअर (चिपमध्ये भरायचं सॉफ्टवेअर) टाकून पाहिलं, फरक नाही. लॅन पोर्ट नाही. नेटशिवाय ड्रायव्हर आणायचा कसा?

कर्नलकट्टा:
बी४३ काढून टाका, तो ही चिप चालवतच नाही. तुम्हाला ब्रॉडकॉमचा स्वतःचा 'डब्ल्यूएल' ड्रायव्हर हवा. नेटसाठी अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलने लॅपटॉपला देणं) चालू करा. फोन घरच्या वायफायवर असेल तर मोबाइल डेटाही जात नाही.

खरी अडचण वेगळी आहे. डेबियन १२ पासून इन्स्टॉलरमध्ये 'नॉन-फ्री-फर्मवेअर' आपोआप येतं, त्यामुळे सगळं आलं असं वाटतं. पण डब्ल्यूएल हे फर्मवेअर नाही, ड्रायव्हर आहे, आणि तो 'नॉन-फ्री' या वेगळ्या विभागात असतो. सोर्सेस.लिस्टमधल्या (पॅकेजेस कुठून घ्यायची ते सांगणारी फाइल) ओळींत 'मेन'नंतर 'कॉन्ट्रिब नॉन-फ्री' लिहा, 'ॲप्ट अपडेट' करा, मग 'लिनक्स-हेडर्स-एएमडी६४' आणि 'ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस' टाका. डीकेएमएस म्हणजे प्रत्येक कर्नलसाठी (लिनक्सचा गाभा) ड्रायव्हरचं मॉड्यूल तुमच्याच मशीनवर बनवणारी सोय; त्यासाठी हेडर्स लागतात. हेडर्सचं हेच पॅकेज घ्या. फक्त चालू कर्नलचे घेतलेत तर पुढच्या कर्नल अपडेटला मॉड्यूल बनणार नाही आणि वायफाय पुन्हा गायब होईल. शेवटी रीबूट.

रामबागवाला:
मॉड्यूल बनलं. पण 'मॉडप्रोब डब्ल्यूएल' (मॉड्यूल चालू करायची कमांड) केलं की 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' येतं.

बूटलोडर_बडोदा:
सिक्युअर बूट चालू आहे, म्हणजे ओळखीची सही नसलेलं मॉड्यूल चालू दिलं जात नाही. डीकेएमएस मॉड्यूलवर तुमच्याच मशीनवर बनलेल्या किल्लीची सही करतं, आणि ती किल्ली बूटच्या वेळी ओळखीची म्हणून नोंदलेली नाही. 'सुडो मॉकयूटिल --इम्पोर्ट /व्हार/लिब/डीकेएमएस/मॉक.पब' चालवा, एक तात्पुरता पासवर्ड द्या, रीबूट करा. निळी स्क्रीन येईल, तिथे 'एनरोल मॉक' (किल्ली नोंदवा) निवडून तोच पासवर्ड टाका. ही स्क्रीन थोडाच वेळ थांबते. हुकली तर इम्पोर्ट पुन्हा करावं लागतं. सिक्युअर बूट बंद करूनही काम होतं, पण किल्ली नोंदवणं जास्त चांगलं.

कर्नलकट्टा:
आणखी एक. ही चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झची आहे. राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं नाव दिसणार नाही, तो ड्रायव्हरचा दोष नव्हे. ५ हवंच असेल तर जेल रोडवर यूएसबी अडॅप्टर घेताना कंपनी नाही, चिप विचारा: एमटी७६१२यूचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, डीकेएमएसची भानगड नाही. आतलं कार्ड बदलण्याआधी मॉडेल तपासा, काही लॅपटॉपचं बायॉस दुसरं कार्ड स्वीकारत नाही.